घटक ४ : ज्ञानकोशकार केतकर आणि शोधशब्दांची निवड

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला

• डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे जीवन आणि कोशकार्य यांची ओळख करून देता येईल;
• नोंदशब्द, सूची आणि शोधशब्द यांचा परस्परसंबंध स्पष्ट करता येईल;
• प्रकल्पाच्या विषयाची फोड करून शोधशब्द निवडता येतील;
• निवडलेले शोधशब्द एकमेकांशी जोडून शोध नेमका करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रकल्पाचा विषय निश्चित झाला की आपण संदर्भसाहित्याच्या शोधाला लागतो. ग्रंथालयाच्या तालिकेत किंवा मोबाईलवरील शोधयंत्रात आपण विषयाचे शीर्षक जसेच्या तसे लिहितो. हाती फारसे काही लागत नाही. मग प्रकल्पाच्या प्रस्तावनेत एक ठरावीक वाक्य येते : या विषयावर साहित्य उपलब्ध नाही. हे वाक्य पुष्कळदा चुकीचे असते. साहित्य असते, पण ते ज्या शब्दाखाली ठेवलेले आहे तो शब्द आपण उच्चारलेला नसतो. न सापडणे आणि नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संशोधनाची शिस्त हा भेद ओळखण्यापासून सुरू होते.

शोधणाऱ्याने कोणता शब्द धरावा, हा प्रश्न संगणकामुळे निर्माण झालेला नाही. ज्ञान मांडून ठेवणाऱ्या प्रत्येकाला तो दुसऱ्या बाजूने पडलेला असतो : वाचक कोणत्या शब्दाने येईल? मराठीत हा प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर ज्यांना सोडवावा लागला, ते म्हणजे महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे संपादक डॉ. केतकर. म्हणून या घटकात त्यांचे चरित्र प्रथम पाहू आणि नंतर त्यातून आपल्या प्रकल्पासाठी काय घेता येईल याचा विचार करू.

४.३ विषय-विवेचन : डॉ. केतकरांचे जीवन व कार्य

४.३.१ घडणीची वर्षे

श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी त्या वेळच्या मध्यप्रांतातील रायपूर येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण अमरावतीस आणि महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. १९०६ मध्ये ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांसारख्या विषयांचा अभ्यास केला. भारतातील जातिसंस्थेच्या इतिहासावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. १९११ मध्ये त्यांना पीएच.डी. ही पदवी मिळाली.

जातिसंस्थेसारख्या विषयावर परक्या भाषेत लिहिणाऱ्या अभ्यासकाला शब्दांची अडचण पावलोपावली जाणवते. इंग्रजीतील 'कास्ट' या एकाच शब्दाच्या पोटात आपल्याकडील वर्ण, जात, पोटजात अशा निरनिराळ्या संकल्पना जाऊन बसतात. वर्ण म्हणून शोधले तर धर्मशास्त्राची वाट सापडते, जात म्हणून शोधले तर समाजव्यवहाराची. एका भाषेतील एक शब्द दुसऱ्या भाषेत अनेक दारांनी उघडतो. इंग्रजी संदर्भांचा आधार घेणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याने ही गोष्ट कायम ध्यानात ठेवावी.

अमेरिकेतून परतताना केतकर काही काळ लंडनमध्ये राहिले. तेथे त्यांची एडिथ कोहन या ज्यू कुटुंबातील जर्मन विदुषीशी ओळख झाली. १९२० मध्ये व्रात्यस्तोम विधी होऊन हिंदू पद्धतीने दोघांचा विवाह झाला आणि त्या शीलवती केतकर झाल्या. विंटरनिट्झ यांच्या भारतीय वाङ्मयेतिहासाचा जर्मनमधून इंग्रजी अनुवाद त्यांनी केला. कलकत्ता विद्यापीठाने त्याचा पहिला खंड १९२७ मध्ये प्रसिद्ध केला.

४.३.२ ज्ञानकोशाची उभारणी

भारतात परतल्यावर केतकरांनी काही काळ कलकत्ता विद्यापीठात अध्यापन केले. पुढे मात्र एका मोठ्या योजनेने त्यांच्या मनाचा ताबा घेतला. त्या काळी उच्च शिक्षण इंग्रजीतून दिले जात होते. इंग्रजी न येणाऱ्या किंवा महाविद्यालयापर्यंत न पोहोचलेल्या मराठी माणसाला जगातील ज्ञानाशी जोडणारे साधन जवळपास नव्हतेच. इंग्रजीत एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाची अकरावी आवृत्ती १९११ पर्यंत पूर्ण झाली होती. त्याच वर्षी बंगालीत नगेंद्रनाथ बसूंचा बावीस खंडांचा विश्वकोशही पुरा झाला होता. मराठीतही असा कोश असावा, असे केतकरांनी ठरवले.

१९१६ मध्ये त्यांनी नागपुरात या कामाची मुहूर्तमेढ रोवली. वय होते बत्तीस वर्षांचे. पाठीशी राजाश्रय नव्हता, विद्यापीठही नव्हते. लोकांकडून भांडवल आणि वर्गणी गोळा करून, मंडळी स्थापन करून त्यांनी काम चालवले. संपादन, लेखकवर्ग जमवणे, पैसा उभारणे आणि छपाई ही सगळी ओझी त्यांनी एकाच वेळी वाहिली. पुढे कचेरी पुण्यास आली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्यासारखे सहकारी या कामात तयार झाले. सुमारे बारा वर्षांच्या परिश्रमांनंतर तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश पूर्ण झाला. या काळातील खटपटींचा वृत्तान्त केतकरांनी 'माझे बारा वर्षांचे काम' या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवला आहे.

४.३.३ नोंदशब्दाचा प्रश्न

ज्ञानकोशाची रचना आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. पहिले पाच खंड प्रस्तावनेचे आहेत. हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग आणि विज्ञानेतिहास हे त्यांचे विषय. हे खंड अकारविल्हे नाहीत. त्यांत विषय सलग, इतिहासाच्या ओघाने मांडलेला आहे. सहाव्यापासून एकविसाव्यापर्यंतचे सोळा खंड मात्र वर्णक्रमाने लावलेल्या नोंदींचे आहेत.

म्हणजे एकाच ग्रंथात ज्ञान मांडण्याच्या दोन पद्धती शेजारी शेजारी नांदतात. पहिलीत गोष्टींचे परस्परसंबंध दिसतात, पण एखादी सुटी गोष्ट चटकन सापडत नाही. दुसरीत सुटी गोष्ट लगेच सापडते, पण तिचे नातेसंबंध तुटतात. शोधयंत्र वापरणारा आजचा विद्यार्थी प्रामुख्याने दुसऱ्या पद्धतीने वाचतो. त्यामुळे तुकडे पुष्कळ मिळतात, पण त्यांना जोडणारा धागा त्याला स्वतःच आणावा लागतो.

वर्णक्रमाच्या पद्धतीत कोशकाराला प्रत्येक नोंदीसाठी एक शब्द निवडावा लागतो. यालाच नोंदशब्द म्हणतात. काशी म्हणावे की वाराणसी? ज्वारी म्हणावे की जोंधळा? ग्रंथकाराची नोंद नावाने करावी की आडनावाने? एक शब्द पत्करला की बाकीच्या शब्दांनी येणारा वाचक दाराबाहेर राहतो. त्याच्यासाठी 'अमुक पहा' अशी पाटी लावावी लागते. शिवाय वर्णक्रमाच्याही निरनिराळ्या रीती आहेत. काही कोशांत अनुस्वारयुक्त अक्षर स्वराच्या आरंभीच येते, काहींत अनुस्वाराला पुढील वर्णाचे अनुनासिक मानून त्याची जागा ठरते. अंबरनाथ हा शब्द एका कोशात 'अ'च्या सुरुवातीला, तर दुसऱ्यात बऱ्याच पानांनंतर सापडू शकतो. कोश उघडण्यापूर्वी त्याची रीत पाहावी, ती यासाठी.

४.३.४ सूचीखंड

ज्ञानकोशाचा बाविसावा खंड हा सूचीखंड आहे. तेविसावा खंड हिंदुस्थान या विषयाला वाहिलेला आहे. वरवर पाहता सूचीखंड हा सर्वांत नीरस. तो सलग वाचायला कोणी घेत नाही. परंतु ज्ञानकोश वापरण्याजोगा होण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

एखाद्या राजवंशाचा उल्लेख एका नोंदीत मुख्य विषय म्हणून येतो, दुसऱ्या नोंदीत एखाद्या गावाच्या इतिहासात येतो, तिसऱ्या ठिकाणी लिपीच्या चर्चेत येतो. नोंदशब्दावर विसंबून राहणाऱ्याला यांपैकी पहिलाच उल्लेख मिळेल. बाकीचे उल्लेख त्याच कोशात असूनही त्याच्यापुरते नसल्यासारखेच. सूची हे विखुरलेले उल्लेख एका शब्दाखाली आणते. प्रस्तावनाखंडांसारख्या सलग ग्रंथभागांत तर सूचीवाचून शिरकावच कठीण. आज संगणक क्षणार्धात प्रत्येक शब्दाचे स्थान दाखवतो. त्या काळी एकेक पान वाचून, कोणता शब्द टिपायचा हे ठरवून, चिठ्ठ्या वर्णक्रमाने लावून माणसांनी ते केले. फरक असा की माणसाने केलेली सूची अर्थ जाणते, तर यंत्र अक्षरे जुळवण्यापासून सुरुवात करते. म्हणून सूचीकाराने पूर्वी केलेले अर्थाचे काम आता काही अंशी शोध घेणाऱ्याकडे आले आहे.

४.३.५ उत्तरायुष्य

केतकर केवळ ज्ञानकोशावर थांबले नाहीत. 'गोंडवनातील प्रियंवदा', 'परागंदा', 'ब्राह्मणकन्या' यांसारख्या कादंबऱ्यांतून त्यांनी जात, विवाह, स्थलांतर आणि परदेशातील हिंदी माणसांचे जीवन असे प्रश्न हाताळले. त्यांची भाषा रुक्ष आणि रचना सैल असल्याचा आक्षेप घेतला गेला. तरीही मराठी कादंबरीत समाजशास्त्रीय दृष्टी आणणारे लेखक म्हणून त्यांचे स्थान पुढे मान्य झाले. दुर्गा भागवत यांनी या कादंबऱ्यांवर 'केतकरी कादंबरी' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १९३१ मध्ये हैदराबाद येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. 'प्राचीन महाराष्ट्र' हा त्यांचा इतिहासग्रंथ १९३५ चा. १० एप्रिल १९३७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. ते त्रेपन्न वर्षांचे होते.

त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या दाते-कर्वे यांनी पुढे सात खंडांचा महाराष्ट्र शब्दकोश सिद्ध केला. कोशकार्याची परंपरा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाई येथे तयार झालेल्या मराठी विश्वकोशापर्यंत पोहोचली. ज्ञानकोश, विश्वकोश आणि महाराष्ट्र शब्दकोश हे तिन्ही आज महाजालावर खुले आहेत. ज्या वाचकासाठी केतकरांनी कष्ट केले, त्याच्या हातात ते खंड आता मोबाईलमधून आले आहेत. प्रश्न उरतो तो शब्दाचा.

४.४ शोधशब्द : निवड आणि जोडणी

४.४.१ नावांचे पर्याय

उदाहरण म्हणून केतकरांचाच शोध घेऊ. नुसते 'केतकर' लिहिल्यास या आडनावाच्या अनेक व्यक्ती समोर येतात. त्यांत ज्योतिर्गणिती व्यंकटेश बापूजी केतकर (१८५४–१९३०) हेही असतात. आपल्या केतकरांच्या पूर्ण नावातही 'व्यंकटेश' असल्यामुळे घोटाळा अधिकच वाढतो. म्हणून 'केतकर' या शब्दाला 'ज्ञानकोश' किंवा 'ब्राह्मणकन्या' हा दुसरा शब्द जोडावा. उलट केवळ 'श्रीधर व्यंकटेश केतकर' एवढेच धरले, तर 'श्री. व्यं. केतकर', 'डॉ. केतकर', 'ज्ञानकोशकार' आणि रोमन आद्याक्षरांनी झालेले उल्लेख सुटतील. दुर्गाबाईंच्या ग्रंथाचे शीर्षक तर 'केतकरी' असे विशेषण आहे. शीलवतीबाईंचा शोध घेताना 'एडिथ कोहन', 'शीलवती केतकर' आणि अनुवादाच्या मुखपृष्ठावरील 'मिसेस एस. केतकर' ही तिन्ही नावे लागतात. विवाहानंतर नाव बदललेल्या लेखिकांच्या बाबतीत हा नियमच समजावा.

४.४.२ स्थलनाम आणि काळ

आता आपल्या परिसराकडे येऊ. १९३० पूर्वीच्या कोणत्याही ग्रंथात 'उल्हासनगर' सापडणार नाही, कारण हे नाव १९४९ मध्ये दिले गेले. त्यापूर्वी तेथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणी होती आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या विस्थापितांना तेथे वसवण्यात आले. त्या काळाच्या कागदपत्रांसाठी 'कल्याण कॅम्प', 'निर्वासित', 'विस्थापित', 'सिंधी' हे शब्द धरावे लागतात. छावणीपूर्व काळासाठी कल्याण तालुका आणि त्यातील खेड्यांची नावे धरावीत.

अंबरनाथच्या शिवमंदिरावर प्रकल्प करणाऱ्याने केवळ गावाच्या नावावर थांबू नये. मंदिरातील शिलालेख शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० चा आहे आणि मंदिर शिलाहारांच्या काळचे आहे. त्यामुळे 'शिलाहार', 'भूमिज शैली', 'कोरीव लेख' हे शब्द गावाच्या नावाहून अधिक दूर नेतात. रोमन लिपीतही सावध राहावे. जुन्या गॅझेटिअरमध्ये या नावात 'बी'नंतर 'ए' आहे, रेल्वे स्थानकाच्या नावात 'ई'. दोन्ही रूपांनी शोध घ्यावा.

बदलापूरची अडचण याच्या उलट आहे. येथे फार थोडे मिळण्याऐवजी फार जास्त मिळते. २०१५ चा याच नावाचा हिंदी चित्रपट आणि उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यातले बदलापूर हेही निकालांत मिसळतात. 'ठाणे', 'बारवी' किंवा 'उल्हास नदी' हा शब्द जोडल्यास गर्दी ओसरते. नगरपरिषदेचे नाव 'कुळगाव-बदलापूर' असल्याने शासकीय कागदपत्रांसाठी 'कुळगाव' हा शब्दही आवश्यक ठरतो.

४.४.३ लेखनरूप आणि विभक्तिरूप

मराठीत शोध घेताना दोन अडचणी भाषेच्याच स्वरूपातून येतात. पहिली लेखनाची. १९६२ च्या नियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. केतकरांच्या काळी 'कोंकण', 'ठाणें', 'नांव' असे लिहीत. जुना ग्रंथ संगणकावर जसाच्या तसा उतरवला असेल, तर 'कोकण' या शब्दाने 'कोंकण' सापडेलच असे नाही. जुन्या साहित्यासाठी दोन्ही रूपे लिहावीत. 'वऱ्हाड'सारख्या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन निरनिराळ्या प्रकारे टंकित होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे वाटू शकतात.

दुसरी अडचण सामान्यरूपाची. 'शाळा' हा शब्द वाक्यात 'शाळेत', 'शाळेचा', 'शाळांमध्ये' असा येतो. 'गिरणी'चे 'गिरण्या', 'गिरण्यांतील' होते. सर्वच शोधयंत्रे ही रूपे एकत्र आणत नाहीत, विशेषतः ग्रंथालयांच्या आणि संकेतस्थळांच्या अंतर्गत शोधपेट्या. अशा ठिकाणी मूळ शब्दाबरोबर त्याची एक-दोन वारंवार येणारी रूपेही वापरून पाहावीत.

४.४.४ विषयाची फोड आणि शब्दांची जोडणी

समजा, प्रकल्पाचा विषय आहे : उल्हासनगरच्या बाजारपेठेतील मराठीवर सिंधी भाषेचा प्रभाव. हे संपूर्ण शीर्षक शोधपेटीत लिहू नये. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ च्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाची निरनिराळ्या पैलूंत फोड करण्याचा मार्ग दाखवला. स्थल आणि काल हे त्यांच्या पद्धतीतील महत्त्वाचे पैलू. त्याच धर्तीवर आपण चार गट करू :

• भाषा : मराठी, सिंधी
• भाषिक घटना : भाषासंपर्क, द्विभाषिकता, उसने शब्द, आदान
• स्थल : उल्हासनगर, कल्याण कॅम्प
• काल : फाळणी, १९४७ नंतर

एका गटातील शब्द बहुधा एकमेकांचे पर्याय असतात, म्हणून त्यांच्यात 'किंवा' हा संबंध ठेवावा. भाषेच्या गटात मात्र दोन्ही शब्द हवेत. निरनिराळ्या गटांत 'आणि' हा संबंध असतो. नको असलेला अर्थ वगळायचा असल्यास 'नाही' हा संबंध वापरावा. हे तीन संबंध एकोणिसाव्या शतकातील इंग्रज गणिती जॉर्ज बूल यांच्या तर्कपद्धतीतून आले आहेत. 'आणि'ने निकाल कमी होतात, 'किंवा'ने वाढतात. गूगलमध्ये शेजारी लिहिलेले शब्द साधारणपणे 'आणि'प्रमाणे चालतात. 'किंवा'साठी रोमन मोठ्या अक्षरांत 'ओआर' लिहितात. शब्दापूर्वी, मध्ये मोकळी जागा न सोडता, उणे चिन्ह दिल्यास तो शब्द वगळला जातो. अवतरणचिन्हांत लिहिलेला शब्दसमूह त्याच क्रमाने शोधला जातो.

चारही गट एकदम जोडले तर कदाचित काहीच मिळणार नाही. मग स्थलाचा गट सोडून केवळ 'मराठी', 'सिंधी' आणि 'भाषासंपर्क' घ्यावे. उल्हासनगरवर लेख नसला, तरी अन्यत्रच्या सिंधी-मराठी संपर्कावरील लेखातून पद्धत आणि परिभाषा मिळते. त्या लेखात आढळलेला नवा शब्द, उदाहरणार्थ 'संकेतपालट', आपल्या यादीत घालून पुन्हा शोध घ्यावा. पहिल्या फेरीतील वाचन दुसऱ्या फेरीचे शब्द पुरवते. दोन-तीन फेऱ्या झाल्यावरही काही न मिळाल्यास कोणकोणत्या शब्दांनी, कोठे आणि केव्हा शोध घेतला ते प्रकल्पात नोंदवावे. साहित्य उपलब्ध नाही असे विधान करण्याचा अधिकार या नोंदीनंतर येतो.

४.५ सारांश

डॉ. केतकरांनी संस्थेचा आधार नसताना मराठी वाचकासाठी तेवीस खंडांचा ज्ञानकोश सिद्ध केला. त्याचे सोळा वर्णक्रमी खंड नोंदशब्दांवर उभे आहेत आणि सूचीखंड त्या सर्वांतील वाटा दाखवतो. वाचक कोणत्या शब्दाने येईल याचा विचार कोशकार आणि सूचीकार करतात. लेखकाने कोणता शब्द वापरला असेल याचा विचार संशोधकाने करायचा असतो. व्यक्तिनामाचे पर्याय, स्थलनामाचा इतिहास, जुने-नवे लेखन, विभक्तिरूपे आणि तांत्रिक परिभाषा ही शोधशब्दांची पाच उगमस्थाने होत. 'आणि', 'किंवा', 'नाही' ही त्यांची जोडणी. दिवसभराच्या नोकरीनंतर अभ्यासासाठी तासभरच मिळणाऱ्या विद्यार्थ्याला ही शिस्त उपयोगी पडते, कारण त्याचा वेळ हाच त्याचा सर्वांत मर्यादित स्रोत असतो.

४.६ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ज्ञानकोशाचे प्रस्तावनाखंड आणि वर्णक्रमी खंड यांच्या रचनेतील फरक सांगा.
२. नोंदशब्द असतानाही सूचीची आवश्यकता का भासते?
३. 'न सापडणे म्हणजे नसणे नव्हे' हे विधान आपल्या परिसरातील स्थलनामांच्या आधारे स्पष्ट करा.
४. मराठीतील सामान्यरूपामुळे शोधात कोणती अडचण येते? तिच्यावर उपाय सुचवा.

४.७ उपक्रम

आपल्या प्रकल्पाचा विषय एका ओळीत लिहा. त्याचे तीन किंवा चार गट पाडा आणि प्रत्येक गटात किमान तीन शब्द भरा. त्यांपैकी एक शब्द महाराष्ट्र शब्दकोशात पाहून त्याचे जुने किंवा बोलीतील रूप टिपा. त्यानंतर ज्ञानकोश, मराठी विश्वकोश आणि आपल्या अभ्यासकेंद्राचे ग्रंथालय या तीन ठिकाणी शोध घ्या. कोणत्या शब्दाने काय मिळाले आणि कोणत्या शब्दाने काहीच मिळाले नाही, याचा तक्ता करून तो प्रकल्पाच्या पहिल्या प्रकरणाला जोडा.